झिपआबांनी न उघडलेली फाइल

फ्लॉपी हातात घेऊन कोणी लगेच निघालं, की झिपआबा ओरडायचे, "थांब! आधी उघडून दाखव." फाइल आवळून फ्लॉपीत बसवणं त्यांच्या लेखी अर्धंच काम. "बांधता कोणालाही येतं. सोडून बघितलं तरच खरं."

नवागामच्या आमच्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर त्यांच्याकडे आला. साडीचं डिझाइन एका फ्लॉपीत मावत नसे. आबा ते आवळून त्याची झिप करत, तुकडे पाडून फ्लॉप्यांत भरत आणि जेवणाच्या डब्यातून सायकलवर प्रिंटिंग मिलमध्ये पोचवत. मी हे काम त्यांच्याकडेच शिकले. तपासल्याशिवाय त्यांनी मला एकही फ्लॉपी उचलू दिली नाही.

म्हणूनच यंदा सोनलच्या हळदीला जे झालं, त्यातून मी अजून सावरलेले नाही.

सोनल त्यांची एकुलती मुलगी. ती रांगायलाही लागली नव्हती तेव्हा तिची आई, आमच्या काकू, तापानं गेल्या. त्याआधी आबांनी हौसेनं माइक लावून काकूंचं हळदीचं गाणं कॉम्प्युटरवर घेतलं होतं. ते ज्या फ्लॉप्यांत भरलं, त्या त्यांनी जपल्या होत्या. लेकीला हळद लागताना तेच गाणं लावायचं होतं. फ्लॉपी वाचणारं यंत्र मी जुन्या बाजारातून शोधून आणलं.

पहिली फ्लॉपी वाचली गेली. दुसरीवर यंत्र खरखरलं आणि थांबलं. पुसून घातली, पुन्हा घातली. काही नाही.

"आबा, ही तुम्ही कधी उघडून बघितली नव्हती?" माझा विश्वासच बसेना.

त्यांनी मान खाली घातली. "तिना आवाज आइकानी हिंमतच नई व्हयनी, माय."

पहिल्या फ्लॉपीतून निघेल तेवढं मी काढलं आणि मांडवात लावलं. गाणं त्यात नव्हतंच. आधी खाकरणं, मग काकूंचा आवाज: "चालू व्हयनं का हाई? थांबा, पोर उठनी." पुढे सगळं बंद.

आईचा आवाज सोनल जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. हळदीचे हात तिनं तसेच तोंडावर दाबले. "मीच उठले होते?" तिनं विचारलं. हे बोलणं त्यात आहे, हे आबा विसरूनच गेले होते.

सोनल आता कामरेजला सासरी असते. ते बोलणं मी तिच्या आणि आबांच्याही मोबाइलवर घालून दिलंय. परवा आबांच्या दारावरून जाताना काकूंचा आवाज कानी आला आणि मी डोकावून पाहिलं. आत आबा एकटेच बसले होते. काकू पोरीला घ्यायला उठल्या की ते पुन्हा पहिल्यापासून लावत होते.