थैली घेऊन चालणारा

अकोल्याच्या सराफ्यात आमचं दुकान तसं लहानच. गादीपुढे दोन गिऱ्हाईकं बसली की तिसऱ्याला बाहेर ओट्यावर थांबावं लागायचं. पण दारात बंदूकवाला होता, आणि त्याच्यामुळे दुकान होतं त्याहून मोठं वाटायचं. तो बाळापूरचा, फौजेतून निवृत्त झालेला. बारा बोरची दुनळी त्याची स्वतःची, परवानाही त्याच्याच नावावर. मी त्याला चाचा म्हणायचो, तो मला छोटे सेठ. मोठे सेठ म्हणजे माझा दादा. वडील गेल्यानंतर दुकानाच्या किल्ल्या दादाच्या कमरेला आल्या आणि थैली माझ्या हातात आली.

थैलीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच आहे. आमच्यासारख्या लहान दुकानात भारी माल रात्री दुकानात ठेवत नाहीत. शटर पडायच्या आधी दादा आतल्या खोलीत जाऊन काळ्या चामडी थैलीत माल भरायचा, कुलूप लावायचा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायचा. मग मी थैलीचा पट्टा मनगटाला गुंडाळायचो आणि मी पुढे, चाचा दोन पावलं मागे, असे पुलावरून जुन्या शहरातल्या घरी पायी निघायचो. दादा दुकान बंद करून मागून गाडीवर यायचा. घरी पोचल्यावर थैली तोच आत घेऊन जायचा. उघडलेली थैली मी कधी पाहिली नव्हती. पाहावी असं वाटलंही नाही. मला त्या चालण्याचा फार अभिमान होता, हे आज लिहिताना लाज वाटते. भर बाजारातून सगळ्या घरादाराची पुंजी माझ्या हाताला बांधलेली आहे, दादाचा आपल्यावर एवढा विश्वास आहे, या एका गोष्टीवर मी ताठ चालायचो. दुकानात माझं फारसं काही चालत नसे. भाव दादा ठरवायचा, कारागिराला दादा बोलवायचा. थैली तेवढी माझी होती.

निवडणुका लागल्या की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. बँकेच्या गार्डाला सूट मिळते, मोठ्या पेढ्यांनाही कधी कधी मिळते. आमच्यासारख्यांचा अर्ज कलेक्टर कचेरीत पडून राहतो आणि तोवर निकालसुद्धा लागून जातो. त्या वर्षीही चाचा दुनळी ठाण्यात ठेवून आला. येताना रिकामी खोळ मात्र परत घेऊन आला, तीत काठी घातली आणि खांद्याला अडकवली. समोरचा भांडीवाला त्याला म्हणाला, “कावून चाचा, आता काठीले बी लायसन लागते काय?” चाचा म्हणाला, “तुह्यासारख्याले तं खोळच पुरते.” सगळे हसले. मीही हसलो. पण मला भीती वाटत होती, कारण आमच्याकडे बंदूक नाही हे त्या भांडीवाल्यासकट सगळ्या बाजाराला माहीत होतं.

मी दादाला म्हटलं, हे दिवस निघून जाईपर्यंत माल बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू, नाहीतर मी गाडीवर आणतो. दादानं मान वर केली नाही. म्हणाला की आपण रोजच्यासारखेच चालत निघालो पाहिजे, बाजाराला दिसलं पाहिजे. आपण घाबरलो असं वाटलं तर उद्या कोणीही येईल. मला ते पटलं. दादाला धीर आहे आणि मला नाही, असं वाटून मी स्वतःवरच चिडलो.

मतदानाला काही दिवस होते. दिवेलागणीची वेळ, प्रचाराच्या ऑटोचा भोंगा चालू होता, त्यामुळे मागून आलेल्या मोटारसायकलचा आवाज मला आला नाही. मागे बसलेल्यानं थैलीला हात घातला. पट्टा मनगटाला गुंडाळलेला, म्हणून थैलीबरोबर मीही ओढला गेलो आणि गुडघ्यांवर फरफटत गेलो. चाचानं खोळ उचलून पुढच्याच्या खांद्यावर हाणली. गाडी आडवी झाली. दोघे उठले, एकाच्या हातात लोखंडी सळई होती. इतक्यात पट्टा तुटला आणि थैली रस्त्यावर पडली. पळून जायला चाचाला जागा होती. बाजूला गल्ली होती, मी स्वतः तिकडेच सरकत होतो. तो थैलीवर पालथा पडला. दोन्ही हात तिच्याभोवती आवळून घेतले आणि ओरडत राहिला. सळई उजव्या मनगटावर बसत होती, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, कारण तो हात सोडत नव्हता. लोक धावले तेव्हा ते दोघे पळाले.

चाचाला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. दादा येऊन पोचला आणि मला म्हणाला, तू थैली घेऊन घरी जा, इथं मी आहे. मी थैली छातीशी धरून घरी आलो. ओढाताणीत कुलपाची कडी निखळली होती. माल पाहून घ्यावा म्हणून मी ती माजघरात उघडली.

आत जुन्या तराजूची लोखंडी वजनं होती, फडक्यात गुंडाळलेली. वर दागिन्यांच्या रिकाम्या डब्या.

मला आधी वाटलं, थैली बदलली गेली. मी वहिनीला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून आली, थैलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकाच्या ओट्यावर तिची भाजीची पिशवी होती. ती रोज दिवेलागणीआधी दुकानावर चहा घेऊन यायची आणि जाताना भाजी घेऊन जायची, एवढंच मला ठाऊक होतं. तिनं पिशवीतली मेथीची जुडी बाजूला केली. खाली आमचा सगळा माल होता.

“तुमाले सांगितलं नव्हतं काय?” ती म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की मला माहीत आहे.

दादा दवाखान्यातून आला तेव्हा मी तिथंच बसून होतो. तो थैली पाहून समजला. ओरडला नाही, समजूतही घातली नाही. हातपाय धुतले, समोर बसला आणि म्हणाला, “तुले सांगितलं असतं तं तुह्या चालण्यात दिसलं असतं. तुले खोटं चालता येत नाही.”

मी विचारलं, “अन् मले काही झालं असतं तं?”

“बाबाच्या वेळी थैली घेऊन चालणारा मी होतो,” तो म्हणाला. “मले बी बाबानं मरायच्या टायमालेच सांगितलं. मी काही बोललो काय?”

आमच्या घराची ही रीतच होती तर. थैली घेऊन चालणाऱ्यानं थैलीत काय आहे ते जाणायचं नसतं. आपला धाकटा भाऊ ताठ चालतो, जपून चालतो, घाबरत चालतो, म्हणून चोराची नजर त्याच्यावर राहते आणि मेथीची पिशवी सुखरूप घरी जाते. आणि मी त्यालाच विश्वास समजत होतो. ज्या संध्याकाळी मी भीती बोलून दाखवली होती, त्या संध्याकाळीही दादा माझ्यासमोरून उठून थैली भरायला आत गेला होता.

इथवर सांगितलं तर फसवला गेलेला मीच ठरतो. इतकी वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. चाचाचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. त्यानं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, “छोटे सेठ, माल सलामत है ना?”

मी म्हणालो, “हो चाचा, सगळा सलामत आहे.”

तसं ते खोटं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते पाहून मी स्वतःला सांगितलं की आजारी माणसाला याहून जास्त सांगू नये. मग तो घरी गेला, तेव्हा वाटलं जरा बरा होऊ दे. मग हात कायमचा गेला असं डॉक्टर म्हणाले, बोटं मिटेनात, बंदूक धरता येईना, परवाना गेला, नोकरी गेली. तेव्हा वाटलं, आता सांगून काय मिळणार. प्रत्येक वेळी कारण त्याच्या भल्याचंच होतं. खरं कारण मला ठाऊक होतं. बाजारात लोक मला थांबवून विचारायचे, पोलिसांपुढे दादानं थैलीत सोनं असल्याचंच लिहून दिलं होतं, आणि सोनं वाचवणाऱ्या दोघांपैकी एक मी होतो. आणखीही एक कारण आहे. मी गप्प राहिलो तेव्हा दादानं मला अमरावतीत वेगळं दुकान मांडून दिलं. घरात त्याला वाटणी म्हणतात. माझ्या वाट्याला तेवढं येत नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

अमरावतीत माझ्या दुकानाला आता कॅमेरे आहेत, आतून बटन दाबल्याशिवाय न उघडणारं दार आहे, पायाखाली भोंग्याची कळ आहे. बंदूकवाला मी ठेवला नाही. लोकांना वाटतं खर्च वाचवतो.

यंदा इथल्या दुकानदारांनी सुरक्षेवर एक कार्यक्रम ठेवला. पोलीस अधिकारी बोलणार, मग एखाद्या शूर पहारेकऱ्याचा सत्कार. कोणीतरी माझ्या चाचाचं नाव काढलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला आणायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

मी गाडी घेऊन बाळापूरला गेलो. चाचीनं त्याच्या कोटाची बटनं लावली, मग रुमाल खिशात घालून दिला. तो गाडीत माझ्या शेजारी बसला आणि अकोला मागे पडेपर्यंत मंचावर काय बोलायचं याची तयारी करत राहिला. भाषण छोटंच होतं. फौजेत असताना जे शिकलो ते सराफ्यात कामी आलं. हात गेला, पण सेठचं सोनं रस्त्यावर सांडू दिलं नाही. मला विचारलं, “बराबर हाय ना? का जास्तीचं होते?”

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. तो डाव्या हातानं कप धरून होता. मी सांगितलं. एकदम सांगितलं, थांबलो असतो तर पुन्हा राहून गेलं असतं. थैलीत वजनं होती, सोनं वहिनीच्या पिशवीत होतं.

त्यानं कप ओठांपासून दूर केला. मग विचारलं, “तुमाले केवा समजलं?”

“त्याच संध्याकाळी.”

“म्हंजे दवाखान्यात आले तवा ठाऊक होतं.”

“हो.”

“अन् मले आत्ता सांगून राहिले.”

मी म्हणालो की दादाला वाटायचं, माहीत असलं तर माणसाच्या चालण्यात दिसतं. चाचा हसल्यासारखा झाला. “मी फौजी माणूस, छोटे सेठ. लोखंड घेऊन बी तसाच चाललो असतो, कोणाच्या बापाले कळलं नसतं. पण त्याच्यावर पडलो नसतो. हात सोडून देल्ला असता.” कप खाली ठेवला. “एवढंच सांगा लागत होतं तुमी.”

मला वाटलं तो गाडी वळवायला सांगेल. त्यानं सांगितलं नाही. म्हणाला, चला, पण तिथं मी नाही बोलणार, तुमी बोलसान. आणि उठून मागच्या सीटवर जाऊन बसला.

सभागृहात मी बोललो. माझ्या ओळखीची सगळी माणसं समोर होती. मी काही गाळलं नाही. दादा, वजनं, मेथी, दवाखान्यातलं माझं उत्तर, हे दुकान कसं आलं तेसुद्धा. शेवटी कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी घाईघाईनं चाचाच्या अंगावर शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि आता मला या बाजारात तोंड दाखवायला जागा नाही असं समजून मी खाली उतरलो.

तर तिघेचौघे माझ्याभोवती जमले. सगळ्यांची आमच्यासारखीच लहान दुकानं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एकानं हळूच विचारलं, वजन किती ठेवायचं, म्हणजे हाताला ओझं खरं वाटावं. दुसरा म्हणाला, आयडिया चांगली हाय, पण आमची बायको पायी येत नाही. तिसऱ्याला विचारायचं होतं की घरातल्या कोणाला चालायला लावणं बरं, नोकराला की भावाला.

मी त्यांच्यातून वाट काढून मंचावर गेलो. चाचा एकटाच खुर्चीवर बसला होता. शाल एका खांद्यावरून घसरली होती आणि डाव्या हातात नारळ असल्यामुळे त्याला ती वर घेता येत नव्हती. मी वाकून शालीचं टोक उचललं.

“राहू द्या,” तो म्हणाला. त्यानं खालचं सगळं ऐकलं होतं. “लोकं वाट पाहून राहिले तुमची. जा, त्याईले थैलीचं सांगा.”

घरी सोडतो म्हणालो तर तो यष्टीनं जातो म्हणाला. नारळ टेबलावर ठेवला, मोकळ्या झालेल्या डाव्या हातानं शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि पायऱ्या उतरून निघून गेला. मी दारापर्यंत गेलो. स्टँडकडे जाणारा रस्ता सरळ आहे, बराच वेळ तो दिसत होता. त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही, आणि त्याच्या मागे दोन पावलांवर चालायची माझी हिंमत झाली नाही.