ठोकल्यावर न येणारा सुतार

उद्या अरिदिया चारचौघांत बोलणार आहे. पहिल्याच शब्दाला अडकली तर? हा विचार काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी ही लेक बोलायच्या आधी शीळ घालायला शिकली. दुकानात पाव मागायची वेळ आली की अडखळायची, माझ्या मागे लपायची. पण अंगणातला कुठलाही पक्षी ओरडला की त्याला उत्तर द्यायची. मोठी झाल्यावर राजधानीत जीवशास्त्र शिकायला गेली. तिथे तोंडी परीक्षेत तिचा आवाजच फुटला नाही, आणि ती परत आली. तेव्हापासून ती डोंगरावर माझ्या भावाकडे, फेयोकडे राहते. त्याच्या बागेतला कोको फोडते, बिया वाळत घालते, खेचरावरून गोणी खाली आणते. तब्येत सुधारली आहे. सकाळी दोन माणसांची उकडलेली केळी एकटी खाते, असं फेयो सांगतो.

हंगामाच्या तोंडावर आमच्याकडे इर्जिक असते. शेजारी एकमेकांच्या बागेत राबतात, बागेचा मालक मोठ्या हंड्यात सांकोचो, मांस-कंदांचा दाट रस्सा, शिजवतो. गवत निघतं, फांद्या छाटल्या जातात आणि सुतार पक्षी मारले जातात. मोठा सुतार कोकोच्या फळाला भोक पाडतो, मग आतलं सगळं कुजतं, राग येणारच. त्याला बोलवायची रीतही ठरलेली. झाडामागे दडायचं आणि कोयत्याच्या मुठीने वाळक्या ताडावर ठोकायचं. आपल्या हद्दीत दुसरा कोण सुतार घुसला, म्हणून तो तावातावाने येतो. पुढचं काम गलोलीचं.

वेलींत एक चिमणीएवढा सुतारही दिसतो. पिवळं डोकं, त्यावर लाल ठिपका, अंगावर काळे शिंतोडे. सगळे त्याला मोठ्याचं पिल्लू समजतात. उद्या मोठं होऊन कोकोच खाणार, म्हणून त्यालाही खडा.

गेल्या रविवारी मी वर गेले होते. अरिदिया मला आणि फेयोला एका कुजक्या खोडापाशी घेऊन गेली. वरच्या वेलीत तो धाकटा सुतार मुंग्या टिपत होता.

"पिल्लूच आहे गं," फेयो म्हणाला. "बापाचा टिळा बघ डोक्यावर."

"मामा, शे... शेपटी बघ. मोठा शेपटीवर रे... रेलून बसतो. हा रेलतच नाही."

"पिल्लांच्या शेपट्या आखूडच असतात. तुझी काय लांब होती?"

ती हसली. त्याच्या हातातला कोयता घेऊन तिने ताडावर ठोकलं. मोठा सुतार लगेच आला, आमच्यावर खेकसला आणि निघून गेला. धाकटा होता तिथेच मुंग्या टिपत राहिला. मग अरिदियाने शीळ घातली. भरभर, चढती आणि शेवटी उतरती. वेलीतून तशीच शीळ आली. तो उड्या मारत आमच्या डोक्यावर आला, आणि त्याच्या मागून आणखी एक, बिनठिपक्याची.

"हे न... नवरा-बायको आहेत, मामा. खोडात घर केलंय. ठोकल्यावर येत नाहीत, कारण ठोकणं ही त्यांची भा... भाषाच नाही. कोकोला चोच लावत नाहीत."

एवढं सांगायला तिला बराच वेळ लागला. फेयो टोपी हातात धरून ऐकत होता.

"मला पटलं," तो म्हणाला. "पण तुलिओला मी नाही सांगणार. म्हणेल, फेयो म्हातारा झाला, भाची नाचवेल तसा नाचतो. पाहिलंस तू, तर सांगशीलही तूच."

तुलिओ म्हणजे त्याचा शेजारी. गावात सगळ्यात अचूक नेम त्याचा, आणि जीभही तशीच. गेल्या इर्जिकीला हंड्यापाशी म्हणाला होता, "हिचं वाक्य संपेपर्यंत आपला कोको पिकून गळेल रे." सगळे हसले, तीही हसली. पण त्या दिवशी ती जेवायला बाहेर आली नाही.

उद्या फेयोच्या बागेत इर्जिक आहे, आणि ते कुजकं खोड साफ करायच्या पट्ट्यात मधोमध उभं आहे. आत पिल्लं आहेत.

झोपायला जाताना मनात आलं होतं, फेयोलाच फोन करावा. बाग तुझी आहे, एक शब्द टाक, म्हणावं. पक्षी नक्की वाचतील. पण मग अरिदिया उद्या नुसत्या थाळ्या वाढेल, आणि तुलिओ तिच्याकडे न बघताच आपली थाळी पुढे करेल.

ती पहाटे उठून कॉफीचं आधण ठेवते. तेव्हा तिलाच फोन करीन. सल्ला देणार नाही. म्हणेन, तुलिओला काय सांगणार आहेस ते आधी मला सांग, मला अजून नीट कळलेलं नाही. ती कुठेही अडकली तरी तिचा शब्द मी पुरा करणार नाही. आधण उतू गेलं तरी चालेल.