पावसाळी बॅच

काहीही अडलं की साहेब डोळे मिटायचे, उजवा हात छातीवर ठेवायचे आणि म्हणायचे, “माझ्यावर सोडा.” तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. त्याच्यावर सोडलेल्या कामाचं पुढे काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. साहेबांना मी अहो-जाहो करते ती नुसती सवयीनं. आदर त्यात काडीचा नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. समुद्रावर जाणाऱ्या बोटींसाठी आम्ही फ्लेअर बनवतो. इंजिन बंद पडलं, बोटीत पाणी शिरलं, की खलाशी ही वीतभर नळी मुठीत धरतो, टोपण काढून दोरी ओढतो आणि मिनिटभर लालभडक उजेड पडतो. लांबच्या बोटीला कळतं, इथे माणसं अडकली आहेत. नळीत मॅग्नेशियमची भुकटी असते, तिचा हा उजेड. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षाराचा. दोन्ही मिसळून प्रेसखाली थरावर थर दाबून भरायचं. या मिश्रणाचा मोठा वैरी म्हणजे दमट हवा. ओल धरलेली फ्लेअर मध्येच विझते, नाहीतर हातातच फुटते. म्हणून प्रेसच्या खोलीत हवा कोरडी करणारं मशीन कायम चालू असतं. मी तिथे केमिस्ट आणि साहेब क्वालिटीचे मॅनेजर.

इतकी वर्षं क्वालिटीत काढली, पण साहेबांनी स्वतःच्या हातात धरून फ्लेअर पेटवलेली कोणी पाहिली नव्हती. टेस्ट असली की ते फ्लेअर पेटवायच्या खड्ड्यापासून लांब, शेडच्या खांबाआड उभे राहून स्टॉपवॉच बघायचे. गिऱ्हाइकांसमोर मात्र असं बोलायचे, जणू अरबी समुद्रातली निम्मी माणसं यांनीच ओढून काठाला आणली.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या केबिनमधल्या सर्टिफिकेटांना बुरशी आली. भिंतभर फ्रेमा होत्या, त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या कुठल्या तरी शिबिराला हजर राहिल्याच्या. साहेबांनी माणसं बोलावली आणि प्रेसच्या खोलीतलं मशीन उचलून केबिनमध्ये लावून घेतलं. मी धावत गेले.

“सर, बाहेर पाऊस कोसळतोय. मिश्रण ओल धरेल.”

“मॅडम, तिथे एक्झॉस्ट आहे ना? माझ्यावर सोडा.”

त्या एक्झॉस्टमुळे उलट बाहेरची ओली हवा आत ओढली जात होती. हे क्वालिटीच्या मॅनेजरला सांगावं लागावं?

टेस्टला त्या बॅचच्या काही फ्लेअर अर्ध्यावरच विझल्या. एक तर नुसती ठिणग्या थुंकत राहिली. साहेबांचा न्याय सोपा होता. जळली ती बॅचच्या गुणानं, विझली ती पेटवणाऱ्याच्या चुकीनं. विझलेल्या बाजूला सारायच्या आणि नव्या पेटवायच्या. हव्या तेवढ्या जळेपर्यंत हे चाललं आणि बॅच पास झाली.

प्रेसवर भारती आहे. ती कुळगावात दिलेली, पण माहेर कोळीवाड्यातलं, आणि तिचा थोरला भाऊ मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्याच्या हुकमानं चालते. ती साहेबांना म्हणाली, “सर, हा माल आमच्याच बंदरात जातो. दादा तिथल्याच दुकानातून फ्लेअर घेतो.”

“मग दादाला सांग, बोट नीट चालव. फ्लेअर लागणारच नाही,” साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. त्या हसण्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी शेठकडे गेले. शेठ उल्हासनगरचे, कॅम्प दोनमध्ये राहतात. ते म्हणाले, “मॅडम, साहबने पास किया है ना? इतना एक्सपीरियन्स है उनको. तुम्ही उगाच टेन्शन घेता.”

माल फाटकाशी टेम्पोत चढला त्याच दुपारी साहेबांचा निरोप समारंभ होता. शाल, नारळ, पेढे, सगळं झालं. आमच्याकडची पद्धत अशी की निवृत्त होणाऱ्यानं शेवटी खड्ड्याशी उभं राहून एक फ्लेअर पेटवायची. शेठ समोर, सगळा स्टाफ समोर, त्यामुळे खांबाआड जायची सोय नव्हती. भारती टेम्पोपर्यंत गेली आणि खोक्यातून एक फ्लेअर आणून तिनं साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी नळी फिरवून बॅचचा नंबर वाचला.

“ही नको. उन्हाळ्यातली आण.”

“का सर? ही तुम्हीच पास केलीय ना?”

“आण म्हटलं ना. ही हातात धरायची म्हणजे…” पुढचं त्यांनी गिळलं.

भारती आवाज न चढवता म्हणाली, “मग माझ्या दादानं कशी धरायची?”

इतके दिवस मी समजत होते की या माणसाला काही कळत नाही, आणि त्या समजुतीवर मी त्यांना निम्मं सोडून दिलं होतं. त्यांना सगळं कळत होतं. मला अक्षरशः शिसारी आली.

शेठनी ती फ्लेअर त्यांच्या हातातून काढून घेतली. “मॅडम, सब माल उतारो,” ते मला म्हणाले. “एक पण खोका जाणार नाही.”

आम्ही सगळे फाटकाकडे निघालो. तेवढ्यात कोणीतरी स्टोअरमधून उन्हाळ्यातली फ्लेअर आणून साहेबांना दिली. त्यांनी ती पेटवली, बहुधा दुसरं काय करावं ते न सुचल्यामुळे. वाऱ्याकडे पाठ, हात ताठ, तोंड वळवलेलं, अगदी धरावी तशी धरली होती. लालभडक उजेड पडला आणि कुठेही न अडखळता जळत राहिला. अंगावर शाल, एका काखेत नारळ, आणि हात वर करून साहेब एकटेच उभे होते.

खोकी उतरवता उतरवता मी एकदा मान वळवून पाहिलं. जराशी कीव आली, खोटं कशाला बोलू. मग भारतीनं पुढचं खोकं माझ्या हातात दिलं.