लिफ्टवाल्याची सरडी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला एकच शिस्त ठाऊक असते: बंद पडलं की झाकण उघडून बघायचं. पंचवीस वर्षं त्याने तेच केलं. घरी मागच्या खोलीत रंग बदलणाऱ्या सरड्यांची पैदास सुरू केली, तरी हात तसेच शिवशिवत राहिले.

या वेळी मादी अंड्यांवर आली होती. अंग काळवंडलेलं, वर निळे ठिपके, पोट गोट्या भरल्यासारखं. चार दिवस ती पिंजऱ्यात येरझाऱ्या घालत होती आणि बाहेर तो. ओल्या वाळूच्या बादलीत तिने वीतभर भोक पाडलं, सोडून दिलं. दुसरं पाडलं, तेही सोडलं.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," बायको म्हणाली, "आणि तुमची जाळीपर्यंत. चहा गार झाला, अहो."

पाचव्या दिवशी सकाळी मादीने खायला सोडलेल्या रातकिड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागची मादी अशीच, अंडी पोटात अडकून गेली होती. त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"दिवसातून किती वेळा बघता?"

"जास्त नाही. तासातून एकदा."

"चारदा म्हणा!" मागून बायको. "तेही टॉर्च घेऊन."

"खणताना कुणी दिसलं की ती भोक सोडते," बाई म्हणाल्या. "तिच्या लेखी तुम्ही शिकारी. पिंजऱ्यावर चादर टाका, खोलीला कुलूप लावा. संध्याकाळपर्यंत नाही घातली अंडी, तर घेऊन या."

"मध्येच काही झालं तर?"

"बघून तुम्ही काय करणार आहात?"

चादर पडली, कुलूप लागलं. किल्ली घेऊन बायको कामावर गेली.

त्याने न कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. जिना तीनदा उतरला, तीनदा चढला. दाराला कान लावला, काही नाही. दुपारी त्याने पेचकस काढून बिजागरीचे दोन स्क्रू सोडवलेही. तिसऱ्याला पेचकस लावला आणि बाईंचा प्रश्न आठवला. बघून काय करणार? स्वतःला शिव्या घालत त्याने दोन्ही स्क्रू परत पिळले आणि रजा असूनही कामावर गेला.

संध्याकाळी बायकोने कुलूप काढलं, चादर उचलली. बादलीतली वाळू सपाट, वरून थापटलेली. मादी फांदीवर, कातडी सैल, पोट आत गेलेलं, पानांवरचं पाणी अधाशासारखी पीत होती.

"सुटली बिचारी," बायको म्हणाली.

"किती घातली असतील?" तो पुढे झाला. मादीचा एक डोळा त्याच्याकडे वळला आणि ती पानाआड सरकू लागली.

तो दोन पावलं मागे आला.