चंद्रहासच्या आवाजातली थरथर

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि चहा घ्या, गार होतोय. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण ज्या गाढवपणापायी अख्खं श्रीवर्धन आठ दिवस रडत होतं, असा एकच. आमची ही आतून ऐकतेय. मध्येच काही बोलली तर तिकडे लक्ष देऊ नका.

ही स्वराज्य मिळाल्यानंतरच्या आठ-दहा वर्षांतली गोष्ट. तेव्हा चंद्रहास नावाचा एक गवई पोरगा होता. पोरगाच म्हणायचा, पंचविशीही गाठली नव्हती. पण काय गळा! आमच्या आळीतल्या बायका विहिरीवर त्याचीच गाणी म्हणायच्या. आणि एक दिवस पेपरात बातमी, चंद्रहास गेला. कसल्याशा तापाचं निमित्त झालं. त्या दिवशी आमच्या घरी कुणी धड जेवलं नाही, खोटं नाही सांगत.

गावात ग्रामोफोन एकच, इब्राहिमचाचांचा. चाचा जन्मभर बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. परत येताना पेन्शन नाही आणली, ग्रामोफोन आणला. त्यांचा थोरला युसूफ तेव्हा कुठल्याशा लांबच्या बोटीवर होता, आणि चंद्रहास नेमका त्याच्या वयाचा. त्यामुळे चाचांना त्या पोराचं जरा जास्तच कौतुक. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आमची बैठक. चाचा ग्रामोफोनला चावी द्यायचे, चाची आतून चहा पाठवायच्या, आणि पेंडसे मास्तर नाक मुरडायचे. मास्तरांना शास्त्रोक्त गाण्याखेरीज काही चालत नसे. पण यायचे मात्र रोज!

चंद्रहास गेल्यावर दोन महिन्यांनी कळलं की त्याची शेवटची रेकॉर्ड निघालीय. एका बाजूला नावाड्याचं गाणं, दुसऱ्या बाजूला अंगाई. मुंबईत म्हणे दुकानांपुढे रांगा. झालं, ओट्यावर वाद पेटला! कुणी म्हणे दहा हजार खपल्या, कुणी म्हणे लाख. आमच्यापैकी एकानंही ती डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण श्रीवर्धनात बसून मुंबईतला खप मात्र आम्ही छातीठोक सांगत होतो.

मास्तर म्हणाले, "खपणारच. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! पोरगा जिवंत असता तर ह्याच रेकॉर्डीला कुत्र्यानंही विचारलं नसतं."

चाचांचा चेहरा एवढासा झाला. मी भडकलो. ह्या दामूचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच.

"मास्तर, न ऐकताच बोलता? मी परवा सुपारी घेऊन मुंबईला चाललोय. येताना रेकॉर्ड आणतो. ऐका, आणि मग बोला!"

चाचांनी निघताना गळ्यातला लोकरीचा मफलर काढून माझ्या हातात दिला. "बाला, यात गुंडाळून आन. तान्ह्या पोरासारखी आन हां." मी म्हटलं, "चाचा, जीव गेला तरी रेकॉर्डीला धक्का लागणार नाही."

आणि खरंच, धक्का नाहीच लागला! मुंबईत दुकानात तासभर उभा राहिलो, आगबोटीत सबंध वाट ती मांडीवर घेऊन बसलो. बाजूच्या बाईनं विचारलंसुद्धा, "किती महिन्यांचं?" पण श्रीवर्धनला आगबोट लागते कुठे? ती थांबायची दूर समुद्रात, आणि तिथून पडावात उतरून किनाऱ्याला यायचं. किनाऱ्याशी आलो, पडावातून पाय बाहेर टाकला, आणि मागून आली एक लाट. मी, पिशवी, मफलर आणि चंद्रहास, सगळे छातीभर पाण्यात.

घरी येऊन उघडून बघतो तर कागदी पाकिटाचा लगदा, पण रेकॉर्ड शाबूत. ही म्हणाली, "अहो, मऊ फडक्यानं पुसा आणि ठेवा सावलीत." किती साधी गोष्ट! ऐकायला काय झालं होतं?

पण नाही. मी पडलो बागायतदार. आमच्या तीन पिढ्या सुपारीवर जगल्या. ओल राहिली की बुरशी आलीच, हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. मी हिला म्हटलं, "तुला काय कळतं रेकॉर्डीतलं?" जसं काही मला कळत होतं! शिमगा नुकताच झाला होता, उन्हं कडकडीत, अंगणभर सुपारी वाळत पडलेली. मी मध्ये जागा केली आणि रेकॉर्ड दिली तिथं पसरून. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण वाळवण म्हटलं की वरखाली करायला नको? दोन्ही बाजू सारख्या वाळायला हव्यात म्हणून मी उठून ती उलथलीसुद्धा! मग जेवलो आणि आडवा झालो.

जागा झालो तेव्हा रेकॉर्डीच्या कडा पापडासारख्या वर आल्या होत्या.

हात लावला तर मऊ! तशीच उचलली, दोन पाटांच्या मध्ये ठेवली आणि वर स्वैपाकघरातला पाटा-वरवंटा चढवला. संध्याकाळी काढली तेव्हा बऱ्यापैकी सपाट दिसत होती. म्हणजे एक डोळा बारीक करून, लांबून बघितली तर.

ओट्यावर सगळे जमले होते. मास्तर तर पुढेच बसलेले, मला हरवायला. चाचांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नसे, बाकीच्यांना कंदिलाच्या उजेडात, म्हणून म्हटलं, "मीच लावतो." सुई ठेवली. रेकॉर्ड फिरायला लागली आणि तिच्यावरची ती सुई भरतीतल्या होडीसारखी वर-खाली, वर-खाली. आणि आवाज! प्रत्येक सूर निघाला की थरथरायचा, खाली बसायचा, पुन्हा उठायचा. माझं काळीज सुईबरोबर वर-खाली होत होतं. आता चाचा विचारणार, आता मास्तर हसणार...

कुणी हसलं नाही. गाणं संपलं. चाचांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

"बाला," ते म्हणाले, "पोरगा मरता मरता गातोय रे."

आणि मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली! "हा कंप कुणाला ठरवून आणता येणार नाही," ते म्हणाले. "म्हशीचं बोललो ते मागे घेतो. दामू, जिंकलास."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय बोलावं? वीस वर्षांत मास्तर पहिल्यांदा हरले होते. खरं सांगायचं सोडून ह्या जिभेनं काय केलं, ऐका. मी म्हटलं, "मुंबईला दुकानात सांगत होते. उभंही राहवत नव्हतं त्याला. दोघांनी दंडाला धरून गायला उभा केला होता."

कोण सांगत होतं? कुण्णी नाही! सगळं पदरचं!

दुसऱ्या दिवसापासून जत्रा लोटली. दिवेआगरहून माणसं आली, हरिहरेश्वरहून बैलगाडी भरून बायका आल्या. ऐकायच्या आणि पदरानं डोळे पुसत जायच्या. मास्तरांनी शाळेत त्या थरथरीवर भाषण दिलं. पेठेतला सायकलवाला रेकॉर्डी मागवून द्यायचा, त्याच्याकडे घरी ग्रामोफोन नसताना आठ जणांनी नावं नोंदवली, त्यात पहिलं मास्तरांचं. गावात रस्त्यानं जाताना लोक मला हात जोडायचे. आणि मी? मीही जोडायचो!

चौथ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर ग्रामोफोनवर चादर टाकलेली.

"काय झालं, चाचा? बिघडला?"

"न्हाय बिघडला." चाचा माझ्याकडे बघेनात. "झोप लागत न्हाय मला. ज्याला उभा राहाया येत न्हाय, त्याला धरून उभा केला. कशापायी? तर माझ्यासारख्या हौशी म्हातार्‍याला गानं पायजे म्हनून! माझा युसूफ तापानं फणफणला असता आनि त्याला कुनी असा उभा केला असता, तर? मी न्हाय आता गानं ऐकनार. कुनाचंच न्हाय."

जन्मात कधी इतकी लाज वाटली नव्हती. पण सांगायला तोंड उघडलं की मास्तरांनी काढलेली टोपी डोळ्यापुढे यायची आणि तोंड आपोआप मिटायचं. चाची मला दाराआडून म्हणाल्या, "भात चिवडून उठतात. तू तरी समजाव." मी समजावणार!

त्यातच मास्तरांना चेव चढला. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहायचं ठरलं. 'मरणोन्मुख कलावंताचा छळ' इथून सुरुवात, मध्ये दोनदा 'कसाई'. चाळीस सह्या झाल्या. पहिली सही कुणाची? मुंबईहून प्रत्यक्ष बातमी आणणाऱ्याची. माझी!

पत्र टपालात पडायचं, त्याच्या आदल्या दिवशी आगबोटीनं आठ रेकॉर्डी आल्या. चाचांचा ग्रामोफोन बंद म्हणून मास्तर आपली प्रत घेऊन ओट्यावर आले, चाचांना विनवलं, "पत्रापुरती एकदाच ऐकू." चाचांनी नाइलाजानं चादर काढली.

सुई टेकली. आवाज आला तो खणखणीत. सरळ, मोकळा, कुठे कापरं नाही की काही नाही.

मास्तर ताडकन उठले. "ही नकली आहे! कंपनीनं दुसऱ्या कुणाकडून तरी गाऊन घेतलंय! आठच्या आठ परत पाठवा! दामू, पत्रात लिही, फसवणूक!" ओट्यावर एकच कालवा. आणि चाचा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेले. त्यांच्याकडे बघितलं आणि मला राहवेना.

"मास्तर, ती वाळवली," मी म्हटलं.

"काय वाळवलं?"

"रेकॉर्ड. आपली पहिली."

"कुठे वाळवली?"

"अंगणात. सुपारीबरोबर."

मास्तर पुन्हा खाली बसले.

"किती वेळ?" मास्तरांनी अगदी वर्गातल्यासारखं विचारलं.

"दुपारभर. मध्ये एकदा उलटली." आणि मग मीच सांगून टाकलं, "नंतर पाट्याखाली दाबली."

मास्तरांनी ती चाळीस सह्यांची घडी उघडली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिचे बारीक बारीक तुकडे केले. पण मला त्यांची नाही, चाचांची भीती. चाचांनी डोळे उघडले होते.

"बाला, म्हंजे त्याला धरून उभा..."

"नाही, चाचा. तसं कुणी काही सांगितलं नाही. ते मी पदरचं घातलं. मारा मला हवं तर."

चाचा उठले. ग्रामोफोनला स्वतः चावी दिली आणि ती नवी रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली. आख्खं गाणं कान लावून ऐकलं. मग उलटून अंगाई लावली. आणि हळूहळू म्हातारा हसायला लागला, डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू.

"धडधाकट होता रे!" त्यांनी मास्तरांच्या पाठीत अशी थाप मारली की मास्तरांचा चष्माच उडाला. "ऐक, दम बघ पोराचा! धडधाकट होता गाताना! अगं ए, चाय टाक! आनि भात हाय का काय शिल्लक?"

मास्तरांनी आपली प्रत चाचांकडेच ठेवली. "मला रोज इथे यायचंच आहे," म्हणाले.

मला वाटलं, सुटलो. अहो, कसला सुटतोय! माझ्या रेकॉर्डीला चाचांनी पुन्हा उन्हात ठेवलं. म्हणाले, "अर्धं काम कशाला ठेवायचं?" कडा छान चारी बाजूंनी वर वळवून घेतल्या आणि तिचं पानसुपारीचं तबक केलं. आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे ते फिरणार, पाहुणा विचारणार, "हे हो काय?" आणि चाचा मला समोर बसवून सगळं पहिल्यापासून सांगणार, पडाव, पाटा आणि वरवंट्यासकट!

मुंबईत ती रेकॉर्ड किती खपली, देव जाणे. श्रीवर्धनातला खप मात्र मी नक्की सांगतो. नऊ. आठ ऐकायला, आणि एक सुपारी ठेवायला. आणि शेवटी ते तबक माझ्यापुढे धरून चाचा दर वेळी म्हणायचे, "घे बाला, लाजू नको. सुपारीबी तुझीच हाय. दोन्ही एकाच अंगनात वाळल्यात."