गोफण्याचा खांदा

ज्या पोराला ‘नाही’ म्हणताच येत नाही, त्याच्याकडून किती घ्यायचं असतं? उत्तर द्यायची घाई करू नका. आमच्या गावानं हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नाही. आम्ही घेत राहिलो.

त्याला सगळे गोफण्या म्हणायचे. जळगाव जिल्ह्यात, पहूरच्या अलीकडे आमचं गाव. ज्वारी दाण्यावर आली की हा शेतातल्या माळ्यावर चढून गोफणीनं पाखरं उठवायचा. दगड पाखराच्या इतक्या जवळून जायचा की पंख हलावा, पण लागायचा कधीच नाही. “मारायचं काहून? उडाली म्हंजे झालं,” म्हणायचा. त्याला काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: “हाव भो,” म्हणजे हो भाऊ. ट्रॅक्टरला धक्का दे, हाव भो. लग्नात वाढायला ये, हाव भो. ते ‘हाव’ इतकं सहज यायचं, की आपण त्याच्याकडे काही मागितलंय हे मागणाऱ्याच्या ध्यानातच राहायचं नाही.

बेसबॉल आमच्या शाळेत आला तो प्रमाणपत्रासाठी. यात लपवण्यासारखं काही नाही, अख्ख्या खानदेशाला हे गणित पाठ आहे. कुस्ती-कबड्डीत गर्दी फार. ज्या खेळात संघ कमी, त्यात राज्यापर्यंत लवकर पोचता येतं. राज्यात नंबर आला की खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात शिरता येतं. क्रीडाशिक्षकांनी बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या मैदानावर आम्हाला उभं केलं. मी कॅचर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलायला बॅटरच्या मागे बसणारा. फेकायला गोफण्या. त्याचा पहिलाच चेंडू माझ्या ग्लोव्हवर असा आदळला की मी मागच्या मागे मातीत बसलो. सर ओरडले, “अरे, चेंडू फेक, दगड नको!” गोफण्या पळत आला. “लागलं का भो? माफ कर.”

माफी मागायची त्याची ही सवय शेवटपर्यंत सुटली नाही. भुसावळच्या संघात रेल्वे कॉलनीतला एक धिप्पाड बॅटर होता. गोफण्याच्या चेंडूंना त्याची बॅट शिवलीसुद्धा नाही. बाद होऊन तो निघाला, तर हा लांबूनच म्हणतो, “माफ कर भो.” तो फिरला. “खिजवतो काय बे?” आम्ही मध्ये पडलो म्हणून निभावलं. गोफण्याला कळेचना त्याला राग का आला. जिंकल्याचीही त्याला लाज वाटायची.

त्याच्या वडिलांना, नानांना, जिंकल्याची लाज वाटत नव्हती. नानांची पिठाची गिरणी. दिवसभर खोकायचे. “पिठानं माह्या छातीचं वाटोळं केलं. याच्या अंगावर वर्दी पाह्यली का गिरणीचा पट्टाच काढून फेकतो,” असं दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. थोरल्या मुलाला पोलीस भरतीत जमलं नव्हतं. मग नानांनी घरात, जेवायला बसतात त्या समोरच्या भिंतीत एक खिळा ठोकला. वर्दी टांगायला. त्यावर दुसरं काही अडकवायचं नाही, टोपीसुद्धा नाही. गोफण्या मला एकदा म्हणाला, “घास उचलला का तो खिळा दिसतो भो.” मी हसलो. मला वाटलं, बापाचं कौतुक सांगतोय.

फेकणाऱ्याच्या खांद्याला सामन्यानंतर विश्रांती लागते. सरांना माहीत होतं, आम्हालाही. पण गोफण्या एकच होता. जळगावला जिल्ह्याची स्पर्धा, पुढे विभागाची, मग धुळ्याला राज्याची, सगळीकडे तोच. तो पाण्याचा गिलास डाव्या हातानं उचलायला लागला. शर्ट घालताना आधी उजवी बाही चढवून थोडा थांबायचा. मग गोळ्या आल्या. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी कोण मागतो? दुखणं मारायची ती जोरदार गोळी घेतली की तासाभरात चेंडू पुन्हा शिट्टी वाजवत यायचा. “गोळी घेतली का हात माहा वाटतच नही,” तो म्हणाला होता. “दुसराच कोन्ही फेकून राह्यला, असं वाटतं.” आम्ही त्यावरही हसलो. पुढच्या सामन्यात त्याच्या चेंडूवर फटका बसला की ओरडायचो, “अरे, तो दुसरा कुठं गेला? बोलाव त्याला!”

धुळ्याला आम्ही जिंकलो. प्रमाणपत्र आलं. बसस्टँडवर त्याचा फ्लेक्स लागला, हार पडले, भाषणं झाली. भाषणांत ‘गावाची शान’ पुष्कळदा आलं, खांदा एकदाही आला नाही. स्पर्धा संपल्या, गोळ्या संपल्या नाहीत. आता त्या दुखण्यासाठी नव्हत्या. नसल्या की त्याला घाम फुटायचा, पोटात कळा यायच्या, झोप जायची. आईच्या डब्यातले पैसे गेले, नानांनी कानफटात मारली. त्यानं त्यांचीच माफी मागितली. आणि पोलीस भरतीचा दिवस आला तेव्हा धुळ्याच्या मैदानावर गोळाफेकीची वाट पाहत रांगेत उभा असतानाच तो कोसळला. खिशात गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर बाहेर आले. “याला या गोळ्या कोण देत होतं?”

नाना म्हणाले, “साहेब, मी एकच दिली होती. सामन्याच्या सकाळी.”

सर म्हणाले, “मीही एकच. फायनल होती म्हणून.”

थोरला भाऊ म्हणाला, भरतीच्या सरावाला एकच. आमच्या संघातल्या तिघांनी खाली पाहत तेच सांगितलं. मीही सांगितलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकानं एकेक निमित्त धरून, मायेनं, एकेकच दिली होती. आणि प्रत्येकाला तो म्हणाला होता, “हाव भो.”

गोफण्याची आई धुळ्याकडची. कोपऱ्यात बसली होती. मान वर न करता तिच्या अहिराणीत बोलली, “बठ्ठास्नी गोळ्या दिन्यात. दुखस का, आसं कोन्हीच इचारं नही.”

सगळ्यांनी दिल्या, दुखतं का हे कुणीच विचारलं नाही: त्या वाक्यासमोर मी व्यसनमुक्तीच्या प्रचारासाठी लिहिलेली सगळी पत्रकं फिकी पडतात. व्यसनाविरुद्ध मी चिकार लिहिलंय. ‘व्यसनाच्या विळख्यात तरुण’ असं छापलं की तरुण कुणीतरी दुसरा असतो आणि विळखा आपोआप पडलेला असतो. विळखा आमच्या हातांचा होता.

परवा मी व्यसनमुक्ती केंद्रात त्याला भेटलो. वाळलाय, पण झोप परत आलीय. मला पाहताच म्हणाला, “माहा चेंडू तुह्या हाताला लागायचा ना रे? माफ कर.” तेवढ्यात नाना आले. त्यांचं प्रेम खोटं नाही, येताना त्यांनी केळी आणली होती, सोलून देत होते. देता देता म्हणाले, “डावा हात चांगला आहे तुहा. डाव्यानं जमंन का?” सरांचा निरोप होता, सुटल्यावर लहान पोरांना शिकवायला ये. गोफण्या दोन्ही गोष्टींना म्हणाला, “हाव.”

मला तिथेच पुन्हा दवाखान्याचा तो व्हरांडा दिसला. बाहेर आल्यावर मी नानांना म्हणालो, तो खिळा काढा. ते बराच वेळ खोकत राहिले. मग स्टँडकडे चालू लागले.

गोफण्या येत्या आठवड्यात घरी येतोय. गावकऱ्यांनो, फ्लेक्स नको, हार नको. कुणी चेंडू हातात देऊ नका, बाम नको, गोळी तर नकोच नको. आणि तुम्ही दुसऱ्या गावचे असाल तरी सुटत नाही, तुमच्याकडेही असा एक ‘हाव’ म्हणणारा असणार. त्याच्याकडे आज जा. आधी विचारा, दुखतंय का. तो लगेच ‘नही भो’ म्हणेल. तिथून उठू नका. पुन्हा विचारा, आणि खरं उत्तर येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा.