गुरुवारी लावलेला बीम

लाईट गेली तेव्हा बीम अजून मेला नव्हता. मशीन थांबलं आणि शिंदे खुर्चीतून उठले.

"आता वो?"

"आता काय? गुरुवार आहे, लाईनच्या दुरुस्तीचा दिवस. संध्याकाळी येईल," मी म्हटलं.

मी चौथी शिकलेली. मांजरी गावाजवळच्या एका लॅबमध्ये डांबराच्या लाद्या कापायला लागले, पुढे मशीनही सांभाळू लागले. डांबर-खडीच्या लादीतून लांबट तुकडा कापतात, त्याला बीम म्हणतात. तो थंड कपाटातल्या मशीनमध्ये अडकवायचा. मशीन त्याला किंचित वाकवतं, सोडतं, परत वाकवतं, अशा फेऱ्यांवर फेऱ्या. गाड्यांखाली रस्ता वाकतो तसं. बीम तुटत नाही, दिसायलाही तसाच राहतो. आतून थकतो. ताठपणा निम्म्यावर आला की मेला. ठरलेल्या फेऱ्यांआधी मेला तर माल फेल.

शिंदे कंत्राटदार. आयटी पार्कचा रस्ता त्यांच्याकडे होता. घाई त्यांची, म्हणून टेस्ट गुरुवारीच लावली. लॅबचं निम्मं काम त्यांचंच. ते तुटले तर पहिली मी घरी बसणार, हे मला कोणी सांगायला नको होतं.

जनरेटरवर कपाट थंड राहिलं; मशीन त्यावर चालत नाही, ते बंदच होतं. संध्याकाळी लाईट आली. मी मशीन चालू केलं, तर स्क्रीनवर ताठपणा सकाळपेक्षा जास्त.

"बघा, माल चांगला हाय," शिंदे खूश.

लॅबचे मालक देवधर सर मात्र स्क्रीनकडे बघतच राहिले. "पडून राहिलं की डांबर आतून थोडं सांधलं जातं. ही टेस्ट रद्द."

"लाईट गेली त्यात माझा काय गुन्हा हाय?"

"काहीच नाही. दुसरा बीम लावू."

शिंदे बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "सर, पास करून टाका. पगार कोण देणार?"

"त्या रस्त्यावर रात्रंदिवस बस धावणार, बाई. रस्त्याला दिवसभर झोपायला कोण देणार?"

शुक्रवारी दुसरा बीम लावला. तो शेवटचाच होता. ताठपणाचा आकडा उतरायला लागला. सरांचा चहा टेबलावर तसाच गार झाला. लाईट टिकावी की जावी, मला कळेना. शिंदे माझ्या मागेच उभे.

आकडा निम्म्याजवळ आला तसे ते हळूच म्हणाले, "बाई, मेन स्विच कुठं हाय?"

"सरांच्या पाठीमागे."

बीम मेला, ठरलेल्या फेऱ्यांच्या कितीतरी आधी. सरांनी फेल लिहिलं. शिंदे दुसऱ्या लॅबकडे गेले, तिथे माल पास झाला. मला अर्धा दिवस काम आणि अर्धा पगार.

पुढच्या वर्षी शिंदे परत आले. नव्या रस्त्यावर मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी पडली होती. तिथूनच कापलेले तुकडे गोणीत भरून आणले होते. का फुटला ते तपासायचं होतं.

"कधी लावू? गुरुवारी?" मी विचारलं.

"टोमणे नका मारू, बाई."

टोमणा नव्हता. मशीनला गुरुवारी सुट्टी असते, रस्त्याला नसते. एवढंच.